हृदयदोष घेऊन जन्मलेलं बाळ: डक्टस मिटण्याआधी आणि शंट टाकल्यानंतर

हृदयात गंभीर दोष असलेलं बाळ ऑपरेशनच्या टेबलावर दगावतं, असं बहुतेकांना वाटतं. आपल्याकडे मात्र कितीतरी बाळं टेबलापर्यंत पोचतच नाहीत. काहींचा दोष घरी जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, काही ॲम्ब्युलन्समध्ये थंड पडतात, आणि काही पहिलं ऑपरेशन नीट होऊनही दुसऱ्याच्या आधी घरी जुलाबाने जातात. या तिन्ही ठिकाणी लागणारी साधनं महागडी नाहीत. पुढे औषधांचे जे डोस दिले आहेत ते डॉक्टर आणि सिस्टरांसाठी आहेत, बाकीचं आईवडिलांनीही वाचावं.

आधी मूळ गोष्ट. पोटात असताना बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून फुप्फुसाच्या धमनीतलं रक्त डक्टस आर्टिरिओसस नावाच्या आखूड नळीतून थेट महाधमनीत जातं. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत ही नळी आकसून मिटते. निरोगी बाळाला त्याचा काही फरक पडत नाही. पण फुप्फुसाकडची झडपच बंद असेल, तर फुप्फुसात रक्त जायला तीच एक वाट असते. महाधमनी अरुंद असेल किंवा हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नसेल, तर कमरेखालचं किंवा सगळ्या शरीराचं रक्त याच नळीवर चालतं. म्हणून पहिल्या दिवशी बाळ गुलाबी दिसतं, रडतं, दूध ओढतं आणि डिस्चार्ज घेतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते एकदम मलूल होतं. आपल्याकडे पाचवी-सटवीची रात्र जागवतात. योगायोग असेल, पण अशी बाळं मलूल व्हायचे दिवस साधारण तेच.

गरोदरपणातच कळलं तर

१८ ते २० आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये हृदयाचे चार कप्पे दिसले म्हणून थांबू नये. मोठ्या धमन्यांची अदलाबदल, म्हणजे टीजीए, या दोषात चारही कप्पे बहुधा नॉर्मलच दिसतात. दोन्ही धमन्या हृदयातून कशा बाहेर पडतात आणि एकमेकींना ओलांडतात का, हे पाहिलं तरच तो सापडतो. रिपोर्टमध्ये ‘आउटफ्लो’चा उल्लेख नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना तसं विचारा. आधीच्या मुलाला हृदयदोष असेल, आईला गरोदरपणाच्या आधीपासून मधुमेह असेल, ती फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेत असेल किंवा नवराबायको जवळच्या नात्यातले असतील, तर फीटल एको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, वेगळी करून घ्यावी.

दोष कळला की घाई करून सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपण करायचं नाही. आईची तब्येत ठीक असेल तर ३९ आठवड्यांपर्यंत थांबलेलं बाळ ऑपरेशन जास्त चांगलं सोसतं. बाळंतपण मात्र अशा ठिकाणी हवं जिथे नवजात बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, निदान जिथून तासाभरात तिथे पोचता येतं. गोंधळ होतो तो माहेरपणात. तपासण्या पुण्या-मुंबईत झालेल्या, बाळंतपण तालुक्याच्या गावी, आणि फाइल सासरच्या कपाटात. रिपोर्टचे फोटो आईच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये हवेत आणि एक झेरॉक्स माहेरच्या डॉक्टरांकडे सातव्या महिन्यातच दिलेली हवी.

पल्स ऑक्सिमीटर: दोन आकडे, पाच मिनिटं

गव्हाळ किंवा सावळ्या बाळाचं निळेपण डोळ्यांना फार उशिरा दिसतं. रक्तातला ऑक्सिजन (सॅच्युरेशन) ८० टक्क्यांच्या आसपास उतरला तरी अनुभवी माणूस फसतो, आणि बाळाला रक्त कमी असेल तर निळेपण आणखीच लपतं. हातापायांचे तळवे पाहून काही ठरवू नका, ते थंडीनेही निळे पडतात. जीभ आणि हिरड्या पाहा. आणि डोळ्यांवर भिस्त न ठेवता मोजा.

जन्माला २४ तास झाल्यावर आणि घरी सोडण्याआधी, बाळ जागं पण शांत असताना, ऑक्सिजन न लावता मोजायचं. एकदा उजवा तळहात, मग कुठलाही एक पाय. उजवाच हात का, तर त्याची धमनी डक्टसच्या आधी फुटते, त्यामुळे तिथे हृदयातून निघालेलं रक्त मिसळ न होता पोचतं. डाव्या हाताची तशी खात्री देता येत नाही. दोन्ही आकडे ९५ किंवा त्यावर आणि दोन्हींतला फरक ३ किंवा कमी असेल तर बाळ पास. कुठलाही एक आकडा ९० च्या खाली असेल तर तिथेच नापास, पुन्हा मोजत बसायचं नाही. मधलं काही आलं तर तासाभराने एकदा पुन्हा, आणि तरीही तेच आलं तर नापास. पूर्वीच्या पद्धतीत तीनदा मोजायची मुभा होती आणि हात किंवा पाय यांपैकी एकीकडे ९५ आले तरी चालायचे. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने आता दोन्हीकडे ९५ आणि एकच फेरमोजणी असं कडक केलं आहे. आपणही तेच धरावं, कारण पुढचा एको व्हायला आपल्याकडे आधीच वेळ लागतो.

आकडा चुकतो तो बहुतेक वेळा प्रोबमुळे. मोठ्यांच्या बोटाला लावायचा चिमटा बाळाच्या पायाला लावून आलेला आकडा रद्दी समजा. गुंडाळायचा नवजात प्रोब हवा, त्याचा दिवा आणि समोरचा सेन्सर बरोबर समोरासमोर यायला हवेत. कावीळीचे निळे दिवे चालू असतील तर प्रोबवर कापड टाका. पाय गार असेल तर आधी चोळून ऊब द्या. पडद्यावरची लाट एकसारखी झाली आणि यंत्राचे ठोके स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळले, मगच आकडा लिहायचा. बाळ रडत असताना दिसलेला ८९ आणि हातपाय झाडत असताना दिसलेला ९८, दोन्ही खोटे असू शकतात.

२४ तासांच्या आत मोजलं तर विनाकारण नापास होणारी बाळं वाढतात. २०१२ साली सव्वादोन लाखांहून अधिक बाळांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा २४ तासांनंतर मोजल्यास निरोगी बाळ नापास होण्याचं प्रमाण दहा हजारांत पाच होतं, आधी मोजल्यास पन्नास. त्याच अभ्यासात गंभीर दोषांपैकी सुमारे तीन चतुर्थांश या चाचणीने पकडले. अमेरिकेत ज्या राज्यांनी ती सक्तीची केली तिथे अशा दोषांनी होणारे अर्भकमृत्यू ३३ टक्क्यांनी घटल्याचं २०१७ मध्ये दिसलं. नापास झालेल्या प्रत्येक बाळाला हृदयदोषच असतो असं नाही. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग किंवा फुप्फुसातला वाढलेला दाबही निघतो. पण तेही आजारीच बाळ आहे, त्याला तीन दिवसांनंतरची एकोची अपॉइंटमेंट देऊन घरी पाठवायचं नसतं.

उरलेल्या चतुर्थांशात सगळ्यात जास्त सुटणारा दोष म्हणजे कोआर्क्टेशन, महाधमनीची अरुंद जागा. तिथे ऑक्सिजन नॉर्मल येऊ शकतो. त्याला यंत्र लागत नाही, बोट लागतं. एका हाताचं बोट बाळाच्या उजव्या कोपराच्या वरच्या नाडीवर, दुसऱ्याचं जांघेत, आणि दोन्ही एकाच वेळी तपासा. जांघेतली नाडी मऊ लागली किंवा लागलीच नाही तर चारही हातापायांचं बीपी घ्या. उजव्या हाताचं बीपी पायापेक्षा १० किंवा जास्त निघालं तर एको. हे पहिल्या दिवशी एकदा करून भागत नाही, कारण डक्टस उघडी असेपर्यंत जांघेत नाडी छान लागते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ दाखवायला किंवा वजनाला बाळ येतं, तेव्हा पुन्हा जांघ तपासा.

घरी आलेल्या बाळाबाबत आईने चार गोष्टी पाहाव्यात: झोपेतही मिनिटाला ६० च्या वर श्वास, दूध पिताना कपाळावर घाम, दोन-चार घोट घेऊन दमून सोडून देणं, आणि राखाडी, घामट, गार अंग. फुप्फुसाच्या आजारात बाळ कण्हतं आणि छाती आत ओढतं. हृदयाच्या निळ्या दोषात ते पुष्कळदा मजेत पडलेलं असतं, फक्त श्वास भराभर चालू असतो. ‘बाळ शांत आहे’ हे इथे चांगलं लक्षण धरू नये.

प्रोस्टाग्लँडिन

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलं बाळ शॉकमध्ये, म्हणजे रक्तपुरवठा कोसळून, आलं, तर ते जंतुसंसर्गाचं आहे की डक्टस मिटल्याचं, हे पाहून सांगता येत नाही. म्हणून अँटिबायोटिक आणि डक्टस उघडी ठेवणारं औषध प्रोस्टाग्लँडिन, दोन्ही सुरू करायचं, एकोची वाट पाहायची नाही. अल्प्रोस्टॅडिल, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई-१, याची ५०० मायक्रोग्रॅमची १ मिलीची कुपी २ ते ८ अंशांत फ्रीजमध्ये ठेवतात. याच फ्रीजमध्ये लेबर रूमचं कार्बोप्रोस्ट आणि डायनोप्रोस्टोनचं जेलही असतं. नावं सारखी वाटतात, औषधं साफ वेगळी आहेत. अल्प्रोस्टॅडिलचा डबा वेगळ्या कप्प्यात, लाल चिठ्ठी लावून ठेवा.

एक कुपी ५ टक्के डेक्स्ट्रोज किंवा सलाइनमध्ये मिसळून ५० मिली करायची, म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम. मग दर सोपा: वजन गुणिले डोस गुणिले ६. तीन किलोचं बाळ शॉकमध्ये असेल तर ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, म्हणजे तासाला ०.९ मिली. अर्ध्या तासात फरक दिसला नाही तर ०.१ पर्यंत. जांघेतली नाडी लागायला लागली, सॅच्युरेशन चढलं, लघवी झाली की हळूहळू ०.०१ वर आणायचं. डक्टस उघडी असल्याचं आधीच माहीत असेल तर सुरुवातच ०.०१ ने.

इथे एक खोच आहे. त्याच तीन किलोच्या बाळाला ०.०१ ला याच द्रावणाचा दर तासाला ०.१८ मिली होतो, आणि इतक्या मंद गतीत सिरिंज पंप अडखळतो. तेव्हा द्रावण पातळ करा: १५० मायक्रोग्रॅम ५० मिलीत, म्हणजे मिलीला ३, आणि दर तासाला ०.६ मिली. सिरिंज बदलली पण पंपावरचा दर जुनाच राहिला, ही चूक वारंवार होते. जुनं पातळ आणि नवं घट्ट असेल तर बाळाला एकदम तिपटीहून जास्त औषध जातं. प्रत्येक सिरिंजवर प्रमाण, दर, वेळ आणि मिसळणाऱ्याचं नाव लिहा, आणि २४ तासांनी नवी भरा.

हे औषध फुप्फुसातून एकदा फिरलं की बहुतेक संपतं, म्हणून सलाइन निघालं तर थोड्याच वेळात असर जातो. दोन कॅन्युला हव्यात, एक चालू आणि एक राखीव. सर्वांत धोक्याचा दुष्परिणाम म्हणजे श्वास थांबणं. साधारण दहातल्या एका बाळात तो होतो, बहुधा पहिल्या तासात, आणि दोन किलोच्या खाली वजन असेल तर जास्त. अँब्यू बॅग आणि योग्य मापाचा मास्क बाळाच्या डोक्याशीच ठेवा, कपाटात नको. ताप येणं, अंग लाल होणं, बीपी उतरणं हेही होतं. नुसत्या तापासाठी औषध बंद करू नका, डोस कमी करता येतो का ते पाहा.

औषध सुरू केल्यावर बाळ आणखी बिघडलं तर टीएपीव्हीसी (फुप्फुसाच्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या) आणि त्यात त्या शिरा अडलेल्या, किंवा हृदयातला पडदा अगदी बंद असलेला टीजीए डोक्यात आणा. पहिल्याला तातडीचं ऑपरेशन लागतं, दुसऱ्याला फुग्याने पडद्यात भोक पाडावं लागतं. तसा फोन लगेच गेला पाहिजे.

ऑक्सिजनचाही मोह आवरा. डक्टसवर जगणाऱ्या बाळाला ७५ ते ८५ सॅच्युरेशन पुरतं. ते ९८ करायला ऑक्सिजन पूर्ण सोडला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडेच धावतं आणि मूत्रपिंड, आतडं उपाशी राहतं. डावी बाजू न वाढलेल्या हृदयात तर मॉनिटरवरचा सुंदर आकडा आणि गार पडलेले पाय एकाच वेळी दिसतात.

रस्ता

निघण्याआधी बाळाला जिथे न्यायचं तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोला आणि बेड आहे हे ऐकूनच गाडी काढा. फोनवर सांगायचं: वय तासांत, वजन, हात आणि पायाचं सॅच्युरेशन, जांघेतली नाडी, प्रोस्टाग्लँडिनचा डोस, शेवटची साखर, तापमान. तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये, साखर मोजलेली, तोंडाने काही नाही, पोटात नळी. बाळ एकदाही श्वास विसरलं असेल आणि प्रवास लांबचा असेल तर श्वासनळीत ट्यूब टाकूनच निघा. चालत्या गाडीत, घाटाच्या वळणावर ट्यूब टाकणं कोणालाही जमत नाही.

पंपाची बॅटरी पूर्ण चार्ज, भरलेली एक जादा सिरिंज बरोबर. ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा: बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर, मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. घाटात वाहतूक अडकते हे धरून अंदाजाच्या दुप्पट वेळेची तयारी ठेवा. ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर नसेल तर टोपी, मोजे, कोरडं कापड आणि गाडी आधीच गरम केलेली. गरम पाण्याची बाटली बाळाच्या अंगाला लावू नका, रक्तपुरवठा कमी असलेली कातडी पटकन भाजते.

खर्चापायी थांबू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली, आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे. अर्ज जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून जातो. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची हृदयाची ऑपरेशन्स विनामूल्य होतात. आधार आणि रेशन कार्डचे फोटो, जन्माचा दाखला किंवा डिस्चार्ज कार्ड गाडीत बसण्याआधीच मोबाइलमध्ये घ्या. केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ नावाची ऑनलाइन नोंदणी सुरू केली. तिथे डॉक्टर बाळाची नोंद करतात आणि निकडीप्रमाणे रुग्णालय ठरतं. आपल्याकडे ही वणवण अजून बापालाच करावी लागते.

शंटचं बाळ घरी आल्यावर

ज्या बाळाचं पूर्ण दुरुस्तीचं ऑपरेशन लगेच होत नाही, त्याला बहुधा बीटी शंट टाकतात: हाताच्या धमनीपासून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत साडेतीन मिलिमीटरची नळी. ती डक्टसचंच काम करते, आणि डक्टससारखीच बंदही पडू शकते. पुढचं ऑपरेशन होईपर्यंतचे महिने म्हणूनच सर्वांत नाजूक. अमेरिकेत मिलवॉकीच्या डॉक्टरांनी २००० साली एकाच खालच्या कप्प्यावर चालणाऱ्या हृदयाच्या बाळांना वजनकाटा आणि ऑक्सिमीटर देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. तोवर पहिल्या टप्प्यानंतर घरी गेलेल्यांपैकी १५ टक्क्यांच्या आसपास बाळं दुसऱ्या ऑपरेशनआधी दगावायची. मोजणी सुरू झाल्यावर त्यांच्या पहिल्या गटातलं एकही गेलं नाही. गट लहान होता, पण ही पद्धत पुढे सगळीकडे गेली.

१० ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा आणि बाळाचा गुंडाळायचा प्रोब असलेला ऑक्सिमीटर, दोन्ही विकत किंवा भाड्याने घ्या. वजन रोज सकाळी, दुधाआधी, लंगोटही काढून. सॅच्युरेशन दिवसातून दोनदा, बाळ शांत असताना. शंभर पानी वहीत तारीख, वजन, सॅच्युरेशन, एकूण दूध, शी-शू. खालच्यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन, उद्या नाही:

सॅच्युरेशन ७५ च्या खाली, किंवा ९० च्या वर (जास्तही वाईटच, फुप्फुसात जादा रक्त जातंय)
एका दिवसात ३० ग्रॅम घट
तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढ नाही
दिवसभराचं दूध किलोमागे १०० मिलीपेक्षा कमी

ही बाळं दूध पिता पिताच कमावलेल्या कॅलरी घालवतात. त्यांना किलोमागे १२० ते १५० कॅलरी लागतात. आईचं दूध सर्वांत उत्तम, पण थेट ओढून दमत असेल तर काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. एक फीड अर्ध्या तासापेक्षा लांबवू नका, उरलेलं नाकातल्या नळीतून. दूध दाट करायची पावडर किती घालायची ते डॉक्टरांकडून मोजून लिहून घ्या. अंदाजाने दाट केलेल्या दुधाने जुलाब लागतात.

आणि जुलाब हाच शंटचा शत्रू. अंगातलं पाणी गेलं की रक्त घट्ट होतं, बीपी उतरतं आणि साडेतीन मिलिमीटरच्या नळीत गुठळी धरते. तीन-चार पातळ शी, दोन उलट्या किंवा सहा तास लघवी नाही, यातलं काहीही झालं तर ओआरएस देत देत दवाखाना गाठा. बाळगुटी, मध, घरचं वरचं पाणी पूर्ण बंद. धुरी नको, त्या धुराने खोकला लागतो. मालिश करणाऱ्या बाईला आधीच सांगा: छातीच्या हाडाची जखम जुळायला सहा आठवडे लागतात, तोवर छाती चोळायची नाही आणि काखेत धरून उचलायचं नाही. मानेखाली आणि कुल्ल्याखाली हात घालून उचला.

अ‍ॅस्पिरिन किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. चार किलोच्या बाळाला ७५ च्या गोळीचा पाव भाग बसतो. साधी विरघळणारी गोळी घ्या. ‘ईसी’ लिहिलेल्या गोळीवर थर असतो, तिचे तुकडे करायचे नसतात. तापाला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन नको. घरात कोणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर अ‍ॅस्पिरिनबद्दल लगेच विचारा. लसी चुकवू नका.

फॅलो (टेट्रालॉजी ऑफ फॅलो) या निळ्या दोषाच्या बाळाला रडता रडता एकदम काळंनिळं पडण्याचा झटका येतो. तेव्हा त्याला उताणं घेऊन गुडघे छातीशी दाबून धरा, घरातली गर्दी हटवा, शांत करा आणि निघा.

शंटची नळी वाढत नाही, बाळ वाढतं. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात वहीतला आकडा ८३ वरून ८०, ७८ असा घसरायला लागतो. एकाच खालच्या कप्प्यावर चालणाऱ्या हृदयाचं पुढचं, ग्लेनचं ऑपरेशन याच सुमारास असतं. तारीख मिळाली की बाळाला ‘अजून थोडं अंग धरू दे’ म्हणून किंवा सुगीची कामं उरकायची म्हणून ती पुढे ढकलू नका. घसरण सुरू झालेली दिसली तर दिलेल्या तारखेचीही वाट न पाहता वहीच्या त्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवा.